सही झाली, पार्सल कुठाय?

ऑक्टोबर २०२५ पासून पोस्टाच्या खिडकीवर ‘रजिस्टर एडी करायचंय’ म्हटलं, तर स्पीड पोस्ट करून त्यावर रजिस्ट्रेशन लावून घ्यावं लागतं. रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही; १९८६ साली सुरू झालेल्या स्पीड पोस्टात ती विलीन झाली. टपाल ज्याचं त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हाती पडावं असं वाटत असेल, तर पाच रुपये आणि वर जीएसटी. ओटीपी सांगितल्याशिवाय देऊच नये असं वाटत असेल, तर आणखी तेवढेच. हिशेबाने पाहिलं तर सोय वाढली. तरी प्रभादेवीतल्या माझ्या वयाच्या मंडळींना ‘रजिस्टर आलंय’ हे दोन शब्द ऐकून पोटात येणारा गोळा अजून आठवतो. साधं कार्ड कुणीही घ्यावं, कुणीही वाचावं. रजिस्टर म्हणजे एलआयसीची पॉलिसी, नोकरीचा कॉल, गावच्या जमिनीचे कागद, नाहीतर घरमालकाच्या वकिलाची नोटीस.

आमची चाळ खेड गल्लीच्या अंगाला. अर्धी चाळ गिरणीत कामाला, त्यामुळे घरातला कर्ता माणूस कधी भेटेल हे घड्याळावर नाही, पाळीवर ठरायचं. पोस्टमनमामांना या पाळ्या तोंडपाठ. पहिली पाळीवाला तीननंतर, दुसरी पाळीवाला सकाळीच, आणि रात्रपाळीवाल्याच्या दारात आवाज खाली आणून. ‘काकानू, ते रातपाळी करून निजले हत,’ असं काकी म्हणाल्या, की मामा वरचा मजला उरकून परतताना पुन्हा डोकावत. पण मिळेल त्याच्या हाती रजिस्टर टेकवून मोकळे होत नसत.

सहीचा सोहळाही बघण्यासारखा. खाकी पिशवीतून स्लिप निघायची, जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली व्हायची, आणि मामा बोटाने जागा दाखवायचे, ‘इथे. पूर्ण नाव. तारीख.’ माझ्या आजीला सही येत नव्हती. तिच्यासाठी शाईचा पॅड. डाव्या हाताचा अंगठा मामा स्वतः धरून कागदावर टेकवायचे, आणि शेजारी साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांची सही घ्यायचे. पाठवणाऱ्याला पोचपावतीचं कार्ड परत जायचं तेव्हा त्यावर आजीचा अंगठा, काकांची सही आणि पोस्टाचा तारखेचा शिक्का असं सगळं असायचं. पार्सल कापडात शिवलेलं, शिवणीवर लाखेची सीलं. सही करण्याआधी आई ती सीलं एकेक करून बघायची. फुटलेलं दिसलं, की सही नाही. पोस्टात जायचं, पोस्टमास्तरांसमोर उघडायचं, आत काय आहे ते लिहून घ्यायचं.

पत्त्याचीही तीच तऱ्हा. तेव्हाचा पत्ता म्हणजे चाळीचं नाव, खोली, ‘प्रभादेवी, मुंबई २५’. त्या २५च्या मागे ४०००२५ उभं राहिलं ते १५ ऑगस्ट १९७२ला, पिनकोड आला तेव्हा. हा पिनकोड ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, पोस्टखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशभर एकाच नावाची गावं शेकड्याने, लिपी वेगवेगळ्या, अक्षर दिव्य. त्यातून टपाल योग्य पोस्टात पोचावं म्हणून सहा आकडे. पण आकडे टपाल प्रभादेवीपर्यंत आणत. पुढचं काम मामांचं. एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी, त्यात एकाच नावाचे दोघे. कुठला कुडाळचा आणि कुठला कणकवलीचा, हे मामा पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळखत.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगे थांबले तशी आमच्या चाळीतली बिऱ्हाडं गावी जाऊ लागली, कुणी घाटावर, कुणी नुकत्याच वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गात. दाराला कुलूप आणि हातात रजिस्टर, असं मामांना रोजचं झालं. नियमाप्रमाणे सूचनेची चिठ्ठी ठेवायची, टपाल सात दिवस पोस्टात राखायचं, मग पाठवणाऱ्याला परत. मामा त्या सात दिवसांत शेजारपाजारी चौकशी करून गावचा पत्ता मिळवत आणि पाकीट तिकडे वळतं करत. शेजाऱ्यांकडे ते पत्ते असायचेच, कारण गावाहून येणारं पत्र सगळी चाळ वाचायची.

याचा जाचही होता, तो विसरून चालणार नाही. कुणाच्या घरी कोर्टाची नोटीस आली, कुणाच्या मुलीच्या स्थळाकडून फोटो परत आला, हे संध्याकाळपर्यंत नळावर पोचलेलं असायचं. घरमालकाच्या नोटिसा चुकवणारे बहाद्दरही होते. मामांची चाहूल लागली की मागच्या जिन्याने पसार, किंवा दारात उभं राहून ‘तो मी नव्हेच’. त्यांना वाटायचं, सही नाही तर नोटीस नाही. पण १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं २७वं कलम त्यांच्याहून जुनं आणि हुशार. पत्ता बरोबर, तिकीट पुरेसं आणि टपाल रजिस्टर असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते मिळालं असंच धरलं जातं. मामा पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत नेत, आणि कोर्टात तो शेराच सहीसारखा कामाला येई.

आणि खरोखर हरवलं तर? तर काही खरं नव्हतं. तक्रार लिहायची, पावती जपायची, कुठल्या पोस्टातून कुठल्या थैलीत गेलं याचा माग कागदोपत्री काढला जायचा आणि महिने जायचे. १८९८च्या कायद्याने पोस्टाला जबाबदारीतून बरंचसं मोकळं ठेवलं होतं. अलीकडच्या वर्षांपर्यंत रजिस्टर हरवल्याची भरपाई होती शंभर रुपये. आत जमिनीचं खरेदीखत असो वा राखी, किंमत एकच.

आता आमच्या चाळीच्या जागी टॉवर आहे. दोन विंग, पोडियम पार्किंग, दोन-दोन लिफ्ट आणि गेटवर केबिन. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव २०१८ साली प्रभादेवी झालं, पुढे एल्फिन्स्टनचा पूलही पाडायला घेतला, आणि टपालाची रीतही त्याच ओघात बदलली. तेरा अक्षरांकांचा ट्रॅकिंग नंबर टाकला की पाकीट कुठल्या केंद्रात झोपलंय ते कळतं. त्या नंबरातला शेवटचा आकडा तर केवळ आधीच्या आठांची पडताळणी करायला असतो. एक आकडा चुकला तरी यंत्राला कळतं. दार चुकलं तर मात्र यंत्राला काही कळत नाही.

मागच्या वर्षी चुलत भावाने कुडाळहून वारस नोंदीचे मूळ कागद एका कुरिअरने पाठवले. सही घेऊनच द्यायचं, अशी अट घालून. दुपारी मोबाइलवर आलं, ‘डिलिव्हर्ड’. घरी सगळे होते, बेल वाजली नव्हती. ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘सर, सही झालेली आहे.’ पुरावा पाठवा म्हटलं. आला. पडद्यावर बोटाने ओढलेली गांडुळासारखी एक रेघ, घेणाऱ्याचं नाव ‘सेल्फ’, आणि एक फोटो: बंद दार, पायपुसणं, त्यावर आमचं पाकीट. पायपुसणं निळं, आमचं तपकिरी. आमच्या टॉवरमध्ये सगळी दारं एकाच सुताराने एकाच दिवशी केल्यासारखी. मी ‘सर’, पाकीट ‘डिलिव्हर्ड’, तक्रार ‘क्लोज्ड’.

शेवटी निळं पायपुसणं शोधत फिरलो. सापडलं दुसऱ्या विंगेत, आमच्याच नंबरच्या फ्लॅटसमोर. मालक परदेशात, घर बंद, आठवड्याला झाडलोट करायला येणाऱ्या मावशींनी पाकीट उचलून आत टेबलावर ठेवलेलं. ‘दादा, सही-बिही मी काही केली नाही हां,’ त्या आधी हेच म्हणाल्या. त्यांच्यावर माझा विश्वास बसला. ती रेघ कुणाचीच नव्हती. पाकीट घेऊन आलेल्या पोराने स्वतःच ओढलेली असावी.

त्या पोराला दोष देऊन सुटता येत नाही. त्याला पैसे पार्सलमागे मिळतात. गेटवर नोंद, सर्व्हिस लिफ्टची रांग, वर गेल्यावर बंद दार, पुन्हा खाली, हे सगळं त्याच्या खिशातून जातं. मामांना पगार महिन्याचा होता आणि बीट वर्षानुवर्षांची. दुसऱ्यांदा डोकावायला त्यांचं काही जात नसे. या पोराचा भाग महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो. तो आपल्याला ओळखेपर्यंत दुसरीकडे गेलेला असतो. वॉचमनचं तेच, एजन्सी बदलली की गेटवरचा चेहरा बदलला. आणि शेजारी? दुसऱ्या विंगेतल्या आमच्याच नंबरच्या घरात कोण राहतं, हे मला पाकीट हरवेपर्यंत ठाऊक नव्हतं.

ओटीपीने यातलं थोडं सुटतं, थोडं अडतं. नोंदवलेला मोबाइल मुलाचा, मुलगा पुण्यात मीटिंगमध्ये, आई दारात उभी, आणि पोरगा घड्याळाकडे बघतोय, हा प्रसंग आता घरोघरी घडतो. मे २०२५मध्ये पोस्टखात्याने डिजिपिन आणला. देशाची जमीन साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोनांत वाटून प्रत्येकाला दहा अक्षरांकांचा पत्ता. खेड्यातल्या वाडीवस्तीला हे वरदान आहे. पण चौकोन जमिनीवरचा. एकावर एक रचलेल्या चाळीस मजल्यांचा डिजिपिन एकच येणार. म्हणजे वेलणकरांच्या पिनकोडाने प्रभादेवीत आणून सोडलं, डिजिपिनने लिफ्टपाशी. पुढे पुन्हा माणूसच लागणार.

भरपाईचं विचाराल, तर स्पीड पोस्ट हरवल्यास शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतलं कमी असेल ते, असा नियम होता. कुरिअरच्या पावतीमागची बारीक अक्षरंही सहसा याहून उदार नसतात. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. मूळ कागद पाठवायचे असतील तर आधी झेरॉक्स, विमा आणि पाठवल्या दिवशी फोन, हे तिन्ही करावं.

सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा आधी हशा झाला, मग एकेकाचं हरवलेलं निघालं. कुणाचं चेकबुक, कुणाचं औषध. ठरलं असं, की सहीचं टपाल गेटवर कुणी घ्यायचं नाही, सही फक्त घरच्याने किंवा लेखी कळवलेल्या शेजाऱ्याने करायची, आणि लिफ्टसमोर विंगचं अक्षर हातभर उंचीचं रंगवायचं. रंगाचा खर्च मंजूर व्हायला वारस नोंदीपेक्षा जास्त वेळ लागला, पण झालं. दुसऱ्या विंगेतल्या परदेशस्थ मालकांचा नंबर आता माझ्याकडे आहे, माझा त्यांच्याकडे. गेटवरच्या वॉचमनलाही माझं नाव पाठ झालंय. एजन्सीने त्याची बदली केली नाही म्हणजे मिळवली.