बहुमताचा हिशेब

‘बहुमत’ हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ कोणी विचारल्यास आपण बहुधा हंसूं. अधिक लोक ज्यास ‘हवें’ म्हणतील तें बहुमत. यांत विचारण्याजोगें तें काय? आमचे एक वयोवृद्ध स्नेही याच समजुतीचे आहेत. नोकरींतून मोकळे झाल्यापासून त्यांस इंग्लंडच्या राजकारणाचा मोठा नाद. आणि पार्लमेंटांत ज्या पक्षाचे निम्म्याहून अधिक सभासद, त्याच्या पाठीशीं निम्म्याहून अधिक प्रजा उभी आहे, असें ते निःशंकपणें धरून चालतात. त्यांच्याशीं आमचा वाद २०१६ पासून चालू आहे.

आंकडे मात्र त्यांच्या बाजूचे नाहींत. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकींत मजूर पक्षानें ६५० पैकीं ४११ जागा जिंकल्या. मतें मिळालीं शेंकडा ३४ हूनहि कमी. मतदानास गेले तेच मुळीं शेंकडा ६० च्या सुमारास. म्हणजे पांच मतदारांपैकीं एकानें पसंत केलेला पक्ष सभागृहाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग व्यापून बसला. त्याच दिवशीं रिफॉर्म पक्षास शेंकडा १४ मतांवर पांच जागा मिळाल्या, आणि लिबरल डेमोक्रॅटांस शेंकडा १२ मतांवर ७२! मतदारसंघांत ज्याचीं मतें सर्वांहून अधिक तो निवडून येतो. इतरांचीं मतें त्या मतदारसंघाची वेस ओलांडीत नाहींत. १९५१ सालीं तर मजूर पक्षास अधिक मतें पडलीं, आणि राज्यावर चर्चिल आले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें एकाहि पक्षास निम्मीं मतें मिळालेलीं नाहींत.

यावर आमचे स्नेही शांतपणें म्हणतात, “अहो, लोकांस ही पद्धति नको असती, तर २०११ सालीं त्यांनींच ती बदलली असती.” हा टोला बरा आहे. त्या वर्षीं हाच प्रश्न सार्वमतास टाकला होता, आणि शेंकडा ६८ लोकांनीं बदल नाकारला. मात्र मत देण्यास शेंकडा ४२ च आले होते. आपणहि ही पद्धति इंग्रजांकडूनच उचलली आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकींत काँग्रेसनें शेंकडा ४५ मतांवर ४८९ पैकीं ३६४ जागा घेतल्या. २०१४ सालीं भारतीय जनता पक्षास शेंकडा ३१ मतांवर ५४३ पैकीं २८२ मिळाल्या. तेव्हां इंग्रजांस हंसण्याचा अधिकार आपल्याकडे फारसा उरत नाहीं.

परंतु खरें कोडें पुढेंच आहे. ब्रिटननें युरोपीय संघांतून बाहेर पडावें कीं नाहीं, यावर २३ जून २०१६ रोजीं जें सार्वमत झालें, त्यांत शेंकडा ७२ मतदार आले, आणि ५१.९ विरुद्ध ४८.१ असा निकाल लागला. एक कोटी चौऱ्याहत्तर लाख लोकांनीं ‘बाहेर पडा’ म्हटलें. मत देणारांचें खरेंखुरें बहुमत तें हेंच! आणि नेमकें तेंच राबवितां राबवितां राज्यकर्ते मेटाकुटीस आले. एकत्र कुटुंबांतून वेगळें निघावें इतकें ठरलें. चूल कोठें मांडावी हें ठरलेंच नव्हतें. कोणास नॉर्वेसारखा युरोपच्या बाजारपेठेशीं संबंध राखून निघावयाचें होतें, कोणास एकूण एक धागा तोडावयाचा होता. मतपत्रिकेवर दोघांचीहि फुली एकाच चौकटींत. थेरेसा मे यांचा करार जानेवारी २०१९ मध्यें ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळला गेला, आणि मार्चमध्यें आणखी दोनदां. ज्या कॅमेरन साहेबांनीं सार्वमत घेतलें, त्यांनीं तर निकालाच्या दिवशींच पद सोडण्याचा मनोदय जाहीर केला होता. अल्प मतांवर आलेलें सरकार चुकलें, तर पांच वर्षांनीं त्यास घरीं बसवितां येतें. सार्वमतास जाब कोणी विचारावा?

स्नेह्यांचें उत्तर असें कीं, डिसेंबर २०१९ मध्यें बोरिस जॉन्सन यांस ३६५ जागा देऊन लोकांनीं तो प्रश्न निकालांत काढला. जागांवरून पाहिलें तर तसेंच दिसतें. पण त्यांच्या पक्षाचीं मतें होतीं शेंकडा ४३.६, आणि ज्या पक्षांनीं पुन्हा सार्वमत घेण्याचें किंवा निर्णयच मागें घेण्याचें वचन दिलें होतें, त्यांच्या मतांची बेरीज निम्म्याच्या किंचित् वर जाते. अर्थात् मजूर पक्षास मत देणारा प्रत्येक जण युरोपवादी होता असें आम्हीहि म्हणत नाहीं. मतपत्रिकेस कारण विचारतां येत नाहीं, हीच तर अडचण आहे. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन बाहेर पडलें.

आमचा एक भाचा २०१६ मध्यें लंडनांत नोकरीस होता. जाऊन त्यास तीनच वर्षें झालीं होतीं, आणि पारपत्र भारताचें. तथापि राष्ट्रकुलांतील नागरिक म्हणून त्यास सार्वमतांत हक्क होता, व तो त्यानें बजावला. त्याच्या खालच्या मजल्यावर पोलंडचा एक सुतार बायकामुलांसह दहा वर्षें राहत होता. तो कर भरीत होता, मुलें तेथल्याच शाळेंत जात होतीं, आणि त्यास मत नव्हतें. हें आम्हीं स्नेह्यांस सांगितलें तेव्हां ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्या सुताराचें पुढें काय झालें हो?” आम्हीं भाच्यास लिहून विचारलें. कायम रहिवासाचा अर्ज त्यानें केला होता, तो मंजूर झाला; परंतु धाकटा भाऊ यावयाचा होता, तो मग आलाच नाहीं.