पीडिताचं नाव

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करायला फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि त्यासाठी भारतात असावंही लागत नाही. 1993 च्या कायद्यात लिहिलंय की पीडित व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते किंवा तिच्या वतीने दुसरं कोणीही. आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही तक्रार चालते. मी सिरसाळ्याचा. परळी तालुका, बीड जिल्हा. इंजिनिअरिंग करून चार वर्षांपूर्वी जर्मनीला आलो आणि एका कंपनीत सर्व्हरचं काम बघतो. त्या 'दुसरं कोणीही'मध्ये मी बसत होतो.

मामला उसाचा होता. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच कोयत्याला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर राबायचं. माझा मावसभाऊ आणि त्याची बायको दीड लाख उचल घेऊन कर्नाटकात गेले होते, सोबत चार वर्षांचं लेकरू. जानेवारीत मावसभाऊ आजारी पडला. मुकादमाने त्याला सांगितलं, 'गावाकडं जा, राहिलेले पैसे घेऊन ये, तोवर बायको-लेकरू इथंच राहतील.' वहिनीचा फोन काढून घेतला होता.

मावशी पोलिसांकडे गेली. कुठल्या ठाण्यात ते इथे लिहीत नाही. तिथे उत्तर मिळालं, 'हा पैशाचा व्यवहार आहे, आपसात मिटवा.'

धाकट्या भावाने मला व्हॉट्सअॅपवर फोन केला तेव्हा तो सगळ्यात जास्त याच वाक्यावर चिडला होता. मग मी कायदा वाचायला बसलो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे. तो सांगतो की असलं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझंही देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. आणि माणसं सोडवणं हे जिल्हाधिकाऱ्याचं काम आहे. म्हणजे पोलिसांनी ज्याला 'व्यवहार' म्हटलं, त्याला कायदा गुन्हा म्हणतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. आयोग मुकादमाची चौकशी करत बसत नाही. सरकारी माणसाने हक्क डावलला, किंवा तो डावलला जात असताना दुर्लक्ष केलं, तर ते आयोगाचं क्षेत्र. त्यामुळे तक्रारीत मुकादम हा घटनेचा भाग होता, पण बोट ठेवायचं होतं ते कारवाई न करणाऱ्यांवर. राज्य आयोगाकडे जायचं की दिल्लीला, हाही प्रश्न होता. मुंबईतल्या महाराष्ट्र राज्य आयोगाचा कर्नाटकातल्या फडावर अधिकार नाही. आणि एखादं प्रकरण राज्य आयोगापुढे असेल, तर राष्ट्रीय आयोग त्याला हात लावत नाही. दोन राज्यांचा मामला म्हणून दिल्लीच बरी.

तक्रार लिहिणं मला फारसं जड गेलं नाही. ऑफिसात रोज बग रिपोर्ट लिहितो, तसंच: कधी, कुठे, कोणासमोर, काय झालं, काय व्हायला हवं होतं. भावाने मावशीकडून तारखा काढल्या. तिला तारखा आठवत नव्हत्या, पण संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती ठाण्यात गेली होती हे पक्कं आठवत होतं.

अडलं ते नावांपाशी. फॉर्ममध्ये तक्रारदाराचं नाव लागतं आणि पीडिताचंही. निनावी तक्रार आयोग सहसा घेत नाही. माझ्या नावाचा प्रश्न नव्हता, माझ्या दारावर इथे कोण येणार? पण वहिनीचं नाव, गाव, मावशीचा पत्ता, हे सगळं कागदावरून दिल्लीला जाणार, तिथून जिल्ह्याला, आणि जिल्ह्यातून फिरत फिरत बहुतेक त्याच ठाण्यात. मुकादम शेजारच्याच गावचा.

आई फोनवर म्हणाली, "तू तिकडं हाईस. त्याची गाडी रोज आपल्या दारावरून जाती. ती काय जर्मनीला येणार नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. परदेशातून तक्रार करणाऱ्याला भीती कमी असते, वेळ असतो, इंटरनेट असतं. किंमत मात्र गावातल्याला मोजावी लागते. साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते छत्रपती प्रतापसिंहांची कैफियत घेऊन लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथे खेटे घालत राहिले. 1847 मध्ये महाराज काशीला वारले, तरी ते परतले नाहीत. त्यांना सातासमुद्रापार जावं लागलं, कारण सत्ता तिथे होती. माझं उलटं आहे. सत्ता जिल्ह्यात आहे, आणि तिच्या आसपास राहणारी माणसं माझी आहेत.

म्हणून मी मावशीला व्हिडिओ कॉल केला आणि सगळा मजकूर वाचून दाखवला. काय होऊ शकतं तेही सांगितलं. हवं तर इथेच थांबू, असंही म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला लिहाया येत न्हाई म्हणून तू लिहू लागलास बाबा. पर तक्रार माझी हाय. माझं बी नाव टाक त्यात."

रात्री तक्रार पाठवली. डायरी नंबर मिळाला. तोच मजकूर त्या फडाच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने धाडला. भावाने एक प्रत हाताने देऊन पोच घेतली. दहाव्या दिवशी तहसील कार्यालयातून मुकादमाला कुणीतरी फोन केला म्हणे. दुसऱ्या दिवशी वहिनी आणि लेकरू एसटीने परळीला उतरले.

आयोगाचं पत्र त्यानंतर आलं. तक्रार संबंधित अधिकाऱ्यांकडे पाठवली आहे, त्यांनी 8 आठवड्यांत योग्य ती कारवाई करावी आणि तक्रारदाराला कळवावं. आयोग शिक्षा देत नाही, शिफारस करतो. हे माहीत असल्यामुळे मला वाईट वाटलं नाही. फोन कशामुळे गेला, ईमेलमुळे की भावाच्या पोचेमुळे, कोण सांगणार?

पण वहिनी सुटली ती कागदावर नाही. तिला मुक्तता प्रमाणपत्र मिळालेलं नाही. 2016 च्या केंद्राच्या योजनेत सुटका झालेल्या पुरुषाला 1 लाख, स्त्रीला 2 लाख पुनर्वसन मदत आहे, पण हे प्रमाणपत्र नसेल तर माणूस वेठबिगार होता हेच सरकार मानत नाही. तेच मागायला आता आम्ही दुसरा अर्ज केलाय. घटनेला वर्ष उलटलं की आयोग प्रकरण घेत नाही, म्हणून तारखेवर डोळा ठेवून आहे.

अर्जावर बोलताना वहिनीने विचारलं, "भावजी, मला काय साखळीनं बांधलं नव्हतं. मंग मी वेठबिगार कशी?" मी सांगितलं, निघून जायची मुभा नसली की झालं, साखळी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलंय की भुकेपोटी, नाइलाजाने किमान वेतनाखाली राबावं लागणं हीसुद्धा सक्तीच. ती ऐकत होती. मग म्हणाली, "असं असंल तर आमच्या गावात लई निघतील."

मुकादम म्हणतो, नव्वद हजार अजून बाकी आहेत. कायद्याने ते संपलेत हे मी मावसभावाला तीनदा सांगितलं. त्याला ते पटतंही. पण त्याच रस्त्याने त्याला रोज बाजारात जायचंय, आणि पैसे बुडवले म्हणून नाव झालं तर पुढे कुणी उचल देणार नाही. येत्या दसऱ्याआधी दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेऊन पहिल्याचे पैसे फेडायचे, असं त्याच्या डोक्यात आहे. म्हणून प्रमाणपत्राची घाई आहे. दर सोमवारी ऑफिसला जाताना ट्राममध्ये मी केस नंबर टाकून बघतो. अजून 'प्रतिसादाची प्रतीक्षा' एवढंच दिसतं.