पाणी अडतं कुठे?

“सूनबाई, आता कुठं सरकवता माझी खाट?” दोन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, सासूबाईंनी हसतच विचारलं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऐंशी वर्षांचं माणूस, आणि आम्ही गळतीवर उपाय करायचा सोडून त्यांनाच हलवत होतो!

खापरखेड्याचं आमचं घर जुनं, कवेलूंचं. दोन छपरं मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ आहे. जोराची सर आली की धार नेमकी सासूबाईंच्या खाटेवर. कवेलू फेरून घेतले, फुटके बदलले, तरी गळती तशीच. शेवटी ‘पाडू आणि स्लॅब टाकू’ इथवर बोलणं आलं.

तेव्हा एक म्हातारे मिस्त्री वर चढले आणि म्हणाले, “बाई, कवेलूत खोट नाही. पन्हळीत निंबाचा पाला बसला हाय. पाणी अडते अन् मागं फिरते.”

खरंच की! कवेलू एकावर एक चढवलेले असतात ते पाणी खाली वाहील या भरवशावर. तेच तुंबून वर चढलं तर सांध्यातून आत येणारच.

कॅनडातल्या भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, आमच्याकडेही हेच, फक्त पाल्याऐवजी बर्फ!” घरातली ऊब माळ्यातून छपराला लागते, बर्फ वितळतो आणि थंडगार वळचणीशी येऊन पुन्हा गोठतो. त्या बांधामागे पाणी तुंबतं आणि घरात उतरतं. तिथे माळ्याच्या फटी बुजवतात, तळाशी ऊब अडवणारं जाड अस्तर घालतात आणि छपराखाली वारा खेळता ठेवतात.

आपला उपाय सोपा. निंबाची पानगळ फाल्गुन-चैत्रात होते, म्हणून मृगाच्या आधी पन्हळ साफ करावी. मग बादलीभर पाणी ओतून ते सरळ वाहतं का पाहावं. पुढे निंबोळ्या पडतात, तेव्हा आषाढात उघडीप बघून पुन्हा एकदा. मात्र कवेलूवर पाय देऊ नये, शिडी धरायला माणूस हवंच आणि ओल्या छपरावर कोणी चढू नये.

गेल्या पावसाळ्यात खाट जागची हलली नाही. पहिल्या सरीला सासूबाई वर बघत पडून राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आता झोपा तुम्ही.”

स्लॅबचं बोलणं तूर्त मागे पडलंय.