झेल्यातली कैरी

दिंडोशीच्या टेकडीवर, मृणाल गोरे यांच्या लढ्यातून साकारलेल्या नागरी निवारा वसाहतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा आईने इमारतीमागे रायवळ आंब्याची कोय पुरली. झाड फळाला आल्यावर दरवर्षी त्याने आमची लोणच्याची बरणी भरली.

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी, आई झेल्याने कैऱ्या उतरवी. देठ बोटभर ठेवायचा, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही; कैरी जमिनीवर पडू द्यायची नाही; धुऊन, कोरडी पुसून फडक्यावर पसरायची आणि मगच फोडी करायच्या. किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ, आणि वर फोडी बुडतील इतके, तापवून गार केलेले तेल.

एका वर्षी कैऱ्या कमी भरल्या. वाऱ्याने पडलेल्या काही मी गुपचूप त्यांत मिसळल्या. वरून त्या धडधाकट दिसत होत्या. आत मार लागून मऊ पडल्या होत्या. श्रावणात बरणी उघडली, तर तेलावर बुरशी धरलेली.

‘पडलेल्या होत्या का रे?’ आईने विचारले.

‘नाही,’ मी म्हणालो.

तिने दोष स्वतःच्या ओल्या हाताला दिला. त्यानंतर लोणच्याच्या फोडींना तिने कधी हात लावला नाही.

आज आई नाही. झेला माझ्या हाती आहे. टिकवण्याचे काम बरणीत नव्हे, फांदीपाशीच सुरू होते, हे मी मुलीला शिकवतो. ते मी कसे शिकलो, हे मात्र तिला अजून सांगितलेले नाही.