नव्या गाडीचे कवच

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला टिप्पणी लिहिल्यावाचून कोणताही निर्णय घेता येत नाही. निवृत्तीबरोबर फायली गेल्या, खोड मात्र राहिली. गेल्या चैत्रात आम्ही गडद निळ्या रंगाची मोटार घेतली आणि आठवड्याच्या आतच तिच्यावर ‘सिरॅमिक कोटिंग’ करून घ्यावे की नाही, हा प्रश्न उभा राहिला. आमच्या आयुष्यातले हे बहुधा शेवटचे वाहन. पुण्याच्या चिरंजीवांनी दूरध्वनीवरून आग्रह धरला, “बाबा, एकदाच खर्च करा, म्हणजे पाच वर्षे पाहायला नको.” देवासच्या एका दुकानदाराने अठ्ठावीस हजार खर्च सांगितला. आम्ही जुन्या डायरीचे कोरे पान काढले, मधोमध रेघ ओढली आणि दोन्ही बाजू मांडू लागलो.

प्रथम अनुकूल बाजू. हे कोटिंग म्हणजे मुख्यतः सिलिकावर आधारलेले द्रव. रंगावरच्या पारदर्शक थराला ते चिकटून वाळते आणि गुळगुळीत, चकचकीत असा कठीण पापुद्रा तयार होतो. पाणी त्यावर ठरत नाही, थेंब होऊन ओघळते. धूळ सहज सुटते. ऊन आणि पक्ष्यांची विष्ठा यांचा रंगावरील परिणाम सावकाश होतो. गाडी धुण्यास पाणी कमी लागते, ही गोष्ट तर देवासकराला मुळीच क्षुल्लक वाटणार नाही. 1990 साली इंदूरहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांना आठवते, त्यांना अंगणात नळी सोडून गाडी धुताना आजही चोरी केल्यासारखे वाटते.

आता प्रतिकूल बाजू. कारखान्यातून येणारा रंगाचा सगळा थर शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि त्यावर चढणारे हे कवच जेमतेम एक-दोन मायक्रॉनचे. दुकानदाराने त्याचा कठीणपणा ‘नऊ एच’ असल्याचे अशा थाटात सांगितले, की हिऱ्याच्या खालोखाल हेच! चौकशीअंती कळले, की हे माप शिसपेन्सिलींचे आहे. अमुक कठीण पेन्सिलीने ओरखडा उठतो की नाही, एवढेच त्यातून समजते. रस्त्यावरची खडी उडाली किंवा गाडी भिंतीला घासली, तर हे कवच फारसे कामाचे नाही. कूपनलिकेचे जड पाणी वाळले, तर क्षारांचे पांढरे डाग त्याच्यावरही पडतात. शिवाय हमीपत्रात अट अशी, की दर सहा महिन्यांनी गाडी तपासणीस आणावी, अन्यथा हमी रद्द. म्हणजे ‘पाहायला नको’ म्हणून घ्यायचे आणि वर्षातून दोनदा दाखवायला न्यायचे!

टिप्पणी येथवर आली आणि धारला जाण्याचा दिवस उजाडला.

धारच्या जुन्या घरी आमच्या थोरल्या वहिनी एकट्या राहतात. वय 78, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. बेटमा, घाटाबिल्लोद करीत आम्ही दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जातो, दवाखान्यात नेतो, औषधे भरून देतो. गाडी घेतली ती मुख्यतः याचसाठी. वहिनींचे घर एका अरुंद बोळात आहे. आमची जुनी गाडी त्यातून अंग चोरून थेट दारापर्यंत जाई. त्या दिवशी नवी गाडी आम्ही चौकातच उभी केली आणि वहिनींना हात धरून चालवत आणले. वाटेत त्या दोनदा थांबल्या. एकदा तर कुणाच्या तरी ओट्यावर टेकल्या. गाडीपाशी आल्यावर पदराने कपाळ पुसत त्यांनी विचारले, “भाऊजी, ही गाडी फार मोठी आहे का हो?”

“नाही वहिनी,” आम्ही म्हणालो, “नवी आहे.”

त्या काही बोलल्या नाहीत. परतताना आम्ही गाडी बोळात घातली आणि त्यांना दाराशी उतरवले. दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जागा राहिली होती.

संध्याकाळी पाय आपोआप लाट मशिदीकडे वळले. दिलावरखानाने 1405 साली उभारलेल्या या मशिदीच्या आवारात धारच्या लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. परंपरा त्यांचा संबंध भोजराजाशी जोडते. तिन्ही तुकड्यांची मिळून लांबी 43 फुटांच्या आसपास भरते. दिल्लीच्या लोहस्तंभाप्रमाणे याही लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे. त्यामुळे वर गंजाचाच एक पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या लोखंडाला राखतो. शतकानुशतके ऊन-पाऊस सोसूनही गंजाने तो संपवला नाही. तो मोडला तो आघाताने. आणि आघातापुढे कोणताही थर पुरत नाही. लहानपणी याच तुकड्यांवर बसण्यासाठी आम्ही भावंडे भांडत असू. थोरला भाऊ आता नाही, आणि त्याची पत्नी आमच्या गाडीच्या रंगापायी भर उन्हात बोळ तुडवून आली होती.

देवासला परतल्यावर टिप्पणीखाली शेरा मारला: ‘प्रस्ताव अमान्य.’ ज्यांची गाडी दिवसभर उघड्यावर तापते, त्यांना हा खर्च कदाचित फळेलही. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. आमच्यापुरते उत्तर साधे निघाले. अंगणात गाडीवर पत्र्याचे छप्पर घातले. कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याची सवय सोडली, कारण रंगावरचे बारीक ओरखडे त्या धुळीनेच उठतात. आता बादलीभर पाणी आणि मऊ ओले कापड एवढ्यावर भागते. पक्ष्यांनी घाण केलीच, तर ती लगेच भिजवून काढतो. अठ्ठावीस हजारांतून छपराचा खर्च जाऊन उरलेल्या पैशांत वहिनींच्या न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवले आणि दारापुढच्या पायऱ्या उतरत्या करून घेतल्या.

मागच्या खेपेला बोळातल्या भिंतीने डाव्या दारावर वीतभर ओरखडा काढला. वहिनींना तो दिसला नाही, आणि चिरंजीवांना आम्ही अद्याप कळवलेला नाही.