आमच्या घरातली फ्रेंच

थोरल्या मुलीने आठवीत फ्रेंच घेतली, तेव्हा आम्ही फारसा विचार केला नव्हता. मार्क चांगले पडतात, एवढंच ऐकून होतो. अकरावीत तिच्या बाई म्हणाल्या, "आता डेल्फची ए-टू परीक्षा दे. फ्रान्सच्या शिक्षण खात्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते आयुष्यभर चालतं." फीचा आकडा ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. रात्री ठरलं, भरायची.

परीक्षेचे भाग चार: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाला २५ गुण. एकूण ५० मिळाले की पास. पण एकाही भागात पाचाच्या खाली गेलं की नापास. तिला धास्ती ऐकण्याची. रेकॉर्डिंग फक्त दोनदा लावतात. स्टेशनवरची घोषणा, फोनवरचा निरोप, सगळं भरधाव. त्यात शब्द लिहायचा आठ अक्षरांचा आणि उच्चारायचा नुसता 'बोकू'! घशातला 'र' मात्र तिला लगेच जमला. मक्तबमध्ये उस्तानींनी 'ग़ैन' घोटून घेतला होता, तो कामी आला. बाईंना वाटलं, घरी कुणीतरी फ्रेंच बोलतं.

आकड्यांनी तिला रडवलं. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-सतरा. फोन नंबर ऐकून लिहायचा म्हटला की पेन टाकून द्यायची. दादी लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमची आई अंडी अशीच मोजायची. चार विसा नि सतरा." मग रोज मगरिबनंतर दादी म्हणायच्या, "चार विसा नि तेरा," आणि ही फ्रेंचमध्ये उत्तर द्यायची.

बोलण्याच्या भागात आधी स्वतःची ओळख, मग एखाद्या विषयावर दोनेक मिनिटं बोलणं, शेवटी परीक्षकाशी संवाद. तिने कुटुंबाबद्दल पानभर लिहून पाठ केलं. एकदा अब्बांनी सहज विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहिलंस?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "इंजिनियर."

गाइडमध्ये वाक्यं तयार होती, म्हणून घेतली, असं तिचं म्हणणं. गाइडमधल्या घरापुढे बाग होती, आई डॉक्टर होती. परीक्षक खरं-खोटं तपासत नाहीत, भाषा पाहतात, हेही खरंच. आम्ही दोघांनी काही म्हटलं नाही. ते जेवून रात्रपाळीला बेकरीत गेले. पण लागलं, ते लागलंच. फीचे पैसे त्या भट्टीतूनच आले होते.

आठवड्याने बाईंनी सराव घेतला. "वडील किती वाजता उठतात? कामावर कसे जातात?" असं विचारल्यावर तिची गाडी अडली. पाठ केलेला इंजिनियर पुढे काही सांगेना. घरी आली ती तडक अब्बांपुढे वही घेऊन बसली. मैदा कधी मळता, खमीर चढायला किती वेळ लागतो, एका रात्रीत लाद्या किती, पहिला पाव कोण नेतं? ते सांगत राहिले, ही लिहीत राहिली. एवढं सलग बोलताना आम्ही त्यांना क्वचितच ऐकलंय. 'बुलाँजे', म्हणजे बेकरीवाला, हा शब्द तिच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच होता. तो आधी का आठवला नाही, हे आम्ही विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर आम्ही दोघं उभे होतो. ते भट्टीवरून थेट आलेले, बाह्यांना पीठ तसंच. ती बाहेर आली. म्हणाली, ऐकण्याचा पेपर वाईट गेला. बोलण्यात परीक्षक बाईंनी पाव कसा करतात तेच विचारलं, मग वेळ कमी पडला.

निकाल लागला. ऐकण्यात ११, वाचण्यात १९, लिहिण्यात १७. अब्बांनी कागद हातात धरून विचारलं, "आणि बोलण्यात?"

"एकवीस. एकूण अडुसष्ट."

"तीन विसा नि आठ," दादी आतून म्हणाल्या.