एका दांताचा फरक

आपल्या हातून झालेल्या कामाचा माणसाला जितका अभिमान, तितकीच त्या कामाची पुन्हां तपासणी करण्याची नावड. हें तत्त्व आम्हांला कोणत्या ग्रंथांत आढळलें नाहीं. तें साताऱ्यास, आमच्या अंगणांत, मोटारीच्या पुढच्या झांकणाखालीं आढळलें.

आमची मोटार म्हणजे जुनी मारुति ८००. १९८३ च्या डिसेंबरांत या जातीची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातीं पडली आणि २०१४ सालीं तिची निर्मिति थांबली. आमच्या घरीं मात्र ती अद्याप वडीलधाऱ्या माणसाच्या मानानें नांदते आहे. एके दिवशीं पोवई नाक्यावर ती चालतां चालतां मुकाट्यानें उभी राहिली. टायमिंग बेल्ट तुटला होता.

खालचा क्रँक आणि वरचा कॅम यांना एकत्र बांधणारा हा दांतेरी रबरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे होतात तोंवर कॅमचा एक व्हावा आणि दट्ट्याच्या चालीबरोबर नेमकी झडप उघडावी वा मिटावी, एवढेंच त्याचें काम. कांहीं इंजिनांत तो तुटतांच दट्टे झडपांवर आदळून त्या वांकतात. सुदैवानें आमच्या झडपा शाबूत राहिल्या. भाच्याला हाताशीं घेऊन आम्हीं नवा पट्टा स्वतः चढविला, खुणा जुळविल्या, ताणाची पुली आवळली आणि मोठ्या दिमाखानें चहा मागविला.

गाडी सुरू झाली खरी. पण दम्याच्या रोग्यासारखी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची चढण लागतांच ती धापा टाकूं लागे आणि मधूनच कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज काढी. आम्हीं तिन्ही प्लग काढून पुसले, डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली, पेट्रोलची नळी फुंकली. सर्व कांहीं ठीक होतें. तेव्हां आम्हांला आठवण झाली ती सांगलीच्या मेस्त्रींची. पंधरवड्यापूर्वीं त्यांनींच कार्बोरेटर साफ करून दिला होता. गुन्हेगार सांपडला! आम्हीं फोन उचलला आणि वीस वर्षांच्या परिचयांत कधीं बोललों नव्हतों असे शब्द त्यांना ऐकविले.

मेस्त्रींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. यांचे आजोबा किर्लोस्करवाडीस नांगरांच्या कामावर होते. १९१० सालीं तो कारखाना उभा राहिला, तेव्हांपासून या भागांतल्या कितीतरी घराण्यांचें लोखंडाशीं नातें जडलें आहे. ते म्हणाले, "साहेब, पट्टा तुटायच्या आदी गाडी कशी पळत हुती?"

"उत्तम."

"मग पट्ट्यासंगं माझा कार्बोरेटरबी तुटला व्हय?"

आम्ही निरुत्तर झालों. मेस्त्रींनीं पुढें सांगितलें, "प्लग काढा. पान्यानं विंजिन हातानं दोन फेरं फिरवा, सरळ दिशेनंच. मग खुणा बघा."

बघितल्या. क्रँकची खूण जागेवर होती. कॅमची एक दांत मागें. पट्टा चढवितांना त्याची ताठ बाजू आम्हीं किंचित् सैल ठेवली होती. पुली आवळतांच ती सैल ओढली गेली आणि कॅम जागचा हलला. एक दांत म्हणजे क्रँकचे सुमारें पंधरा-वीस अंश. झडपा तेवढ्याच उशिरां उघडत होत्या, म्हणून गाडीस धाप. दोन फेरे फिरवून पाहण्याचें पांच मिनिटांचें काम आम्हीं केलें नव्हतें. कारण आमच्या हातून चूक होईल हें आमच्या मनांतच आलें नव्हतें. जेथें शेवटचा हात लागला तेथें प्रथम पाहावें, हा साधा नियम. परंतु तो हात आपलाच असला म्हणजे दृष्टि नेमकी तेथूनच वळते.

पट्टा पुन्हां बसविला. पुढच्या रविवारीं कराड, पेठ नाका, इस्लामपूर असा सुमारें १२० किलोमीटरांचा रस्ता गाडीनें एका दमांत कापला. सांगलीस मेस्त्री एका ट्रॅक्टरखालीं निजून कांहीं आवळीत होते. वाटेंत घोकलेलें क्षमेचें वाक्य आम्हीं कसेंबसें उच्चारलें.

मेस्त्री बाहेर आले, हात पुसले आणि आमच्या गाडीच्या आवाजाकडे कान देऊन क्षणभर उभे राहिले.

"खुणा जुळल्या न्हवं?" ते म्हणाले. "मग झालं. चला, च्या घेऊं."